दोन माग : एका कापड-उद्योजकाची कोल्ह्यामागची धाव

हॅरी वूस्टर स्मिथ (१८६५–१९४५) या अमेरिकन उद्योजकाचे आयुष्य दोन मागांवर गेले. एक कापड विणायचा माग आणि दुसरा, कुत्री वासावरून काढतात तो कोल्ह्याचा माग. पहिल्याने त्यांना पैसा मिळवून दिला, दुसऱ्याने तो खर्च करायला लावला. धंद्यात पैसा करून पुढे घोडे, कुत्री आणि खेड्यातली हवेली यांत रमणारे श्रीमंत इंग्लंड-अमेरिकेत पुष्कळ झाले. स्मिथ यांचे वेगळेपण असे, की गिरणीतली चाचणी घेण्याची, मोजमाप करण्याची आणि नियम बांधण्याची सवय त्यांनी रानातही सोडली नाही. मात्र या शिकारीतली एक गोष्ट पैशाने विकत मिळत नाही, हेही त्यांच्याच कारकिर्दीत स्पष्ट दिसते. ती गोष्ट म्हणजे दुसऱ्याच्या शेतातून घोडा घालण्याची परवानगी.

मागांचे शहर

वूस्टर हे मॅसॅच्युसेट्स राज्यातले, बोस्टनच्या पश्चिमेकडचे कारखान्यांचे गाव. साध्या मागावर एकच धोटा इकडून तिकडे धावतो, म्हणून आडवा धागा एकाच रंगाचा राहतो. चौकडी किंवा नक्षीचे कापड काढायचे तर वेगवेगळ्या रंगांचे धोटे पाळीपाळीने चालवावे लागतात आणि कोणता उभा धागा कधी उचलायचा हेही ठरवावे लागते. विल्यम क्रॉम्प्टन यांनी नक्षीच्या मागाचे पेटंट १८३७ मध्ये घेतले. त्यांचे चिरंजीव जॉर्ज यांनी वूस्टरमध्ये अशा मागांचा कारखाना मोठा केला. स्मिथ यांच्या नावावरही रंगीत विणकामाच्या स्वयंचलित मागातील सुधारणांची पेटंटे होती, आणि जॉर्ज क्रॉम्प्टन यांची कन्या मिल्ड्रेड ही त्यांची पत्नी. १८९७ मध्ये क्रॉम्प्टन आणि नोल्स हे गावातले दोन मोठे माग-कारखाने एक झाले. कौशल्य, पेटंट आणि सोयरिक या तिन्ही अंगांनी स्मिथ या धंद्यात मुरलेले होते.

वूस्टरजवळच्या ग्राफ्टन गावी त्यांनी ‘लॉर्डव्हेल’ नावाची वाडी उभी केली. घोड्यांच्या पागा आणि कुत्र्यांची घरे तिथेच होती, आणि कुत्र्यांच्या कळपाचे नावही ‘ग्राफ्टन’ पडले. शहरी व्यापाऱ्याला शिकारीचे वेड लागणे ही तेव्हा नवलाची बाब राहिली नव्हती. रॉबर्ट सर्टीझ या इंग्रज लेखकाने १८३० च्या दशकातच जॉरॉक्स हे पात्र लोकप्रिय केले होते. जॉरॉक्स लंडनचा किराणा व्यापारी. वजनाने भारी, बोलण्यात ओबडधोबड, पण कोल्ह्याच्या शिकारीसाठी जीव टाकणारा. खानदानी जमीनदारांच्या खेळात दुकानदार घुसला की काय गंमत होते, यावर ते सारे हास्य उभे होते. आगगाडीने या वेडाला आणखी हातभार लावला. घोडा डब्यात चढवून शहरातला माणूस सकाळच्या शिकारीला पोहोचू लागला.

शिकार चालते कशी

मराठीत ‘कोल्हा’ आणि ‘खोकड’ हे दोन प्राणी आहेत. इंग्रजी ‘फॉक्स’ हा खरे तर खोकडाच्या कुळातला. पण गोष्टींतून आणि बोलण्यातून त्याला कोल्हाच म्हणण्याचा प्रघात पडला आहे आणि इथेही तोच पाळला आहे. इंग्लंड-अमेरिकेतल्या शिकारीतला कोल्हा तांबूस अंगाचा, झुपकेदार शेपटीचा असतो. तो बिळात राहतो आणि रात्री उंदीर, ससे, प्रसंगी खुराड्यातल्या कोंबड्या मारतो.

या शिकारीत घोडेस्वारांच्या हाती बंदूक नसते. कोल्ह्याचा पाठलाग करतात ती कुत्री. माणसे कुत्र्यांच्या मागे घोडे फेकतात, एवढाच त्यांचा वाटा. या कुत्र्यांना हाउंड म्हणतात आणि त्यांची मोजदाद जोडीने होते. पस्तीस हाउंड असले तर ‘साडेसतरा जोड्या’ म्हणायचे. कळपाचा सर्वाधिकारी तो मास्टर. खर्चाची भर, शेतकऱ्यांशी संबंध आणि मैदानातली शिस्त ही जबाबदारी त्याची. कुत्र्यांना प्रत्यक्ष चालवणारा तो हंट्समन. त्याच्या हाती तांब्याचे आखूड शिंग असते आणि त्याच्या निरनिराळ्या फुंकांवर कुत्री वळतात. त्याचे मदतनीस कळपाच्या कडा राखतात आणि हरणामागे किंवा मेंढरामागे वळलेल्या कुत्र्याला परत आणतात. बाकी सारे स्वार मागून येतात. कुत्र्यांच्या पुढे जाणे किंवा त्यांच्या अंगावर घोडा घालणे हा मोठा अपराध समजला जातो.

सकाळी ठरलेल्या जागी मंडळी जमतात, घोड्यावर बसल्या बसल्याच पेल्याभर दारू होते. मग हंट्समन कुत्र्यांना झुडपाट रानात सोडतो. कुणा एका कुत्र्याला वास लागला की ते भुंकते, बाकीची त्याच्याकडे धावतात आणि सारा कळप एका सुरात गर्जू लागतो. कोल्हा रान सोडून उघड्यावर आला की शिंगाचा सूर बदलतो आणि घोडे सुटतात. मध्येच वास तुटतो. कोल्हा ओढ्यातून गेलेला असतो, मेंढरांच्या कळपातून निघालेला असतो, किंवा नुसताच रस्ता ओलांडून वळलेला असतो. कळप थबकतो, कुत्री नाक खाली घालून फिरू लागतात. हंट्समनचा कस इथे लागतो. त्याने कोल्ह्यासारखा विचार करायचा आणि कळपाला योग्य दिशेने वळसा घालून वास पुन्हा गाठून द्यायचा.

वास हा सगळ्यात बेभरवशाचा भाग. जमिनीची ओल, हवेचा गारवा, वारा, ऊन या सगळ्यांवर तो अवलंबून. ओलसर गवतावर तो टिकतो, कोरड्या नांगरटीवर उडून जातो. म्हणून मुख्य हंगाम नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतचा. तोवर पिके निघालेली असतात आणि जमिनीत ओल असते.

बांध, भिंत आणि काटेरी तार

कोल्हा सातबारा पाहून पळत नाही. तासाभरात तो अनेक मालकांच्या जमिनी ओलांडतो आणि त्याच्यामागे पन्नास-साठ घोडी जातात. हिवाळी पेरणीवर टापा उमटतात, फाटक उघडे राहून गुरे बाहेर पडतात, कुंपणाची दांडी मोडते. म्हणून मास्टरचे खरे काम हंगामाआधीच सुरू होते. शेतकऱ्यांच्या घरी जाऊन बसणे, गेल्या वर्षीची तक्रार ऐकणे, मोडलेले कुंपण दुरुस्त करून देणे, गेलेल्या कोंबड्यांची भरपाई करणे. इंग्लंडात बऱ्याच ठिकाणी कोंबड्यांसाठी वेगळी गंगाजळीच असे. मेलेली गुरे शेतावरून उचलून न्यायची आणि त्यांचे मांस हाउंडांना घालायचे, हीही शेतकऱ्याची एक सोय. हाउंडांची पिल्ले काही महिने शेतकऱ्यांच्या घरी वाढायला ठेवत. ती बाई-माणसांत, कोंबड्या-मांजरांत वावरून शहाणी होत आणि त्या घराचा शिकारीशी धागा जुळे.

या व्यवस्थेला सर्वांत मोठा धक्का काटेरी तारेने दिला. झुडपांच्या कुंपणावरून, दगडी भिंतीवरून घोडा उडी मारतो, कारण त्या त्याला दिसतात. तार त्याला दिसत नाही. जोसेफ ग्लिडन या इलिनॉयमधल्या शेतकऱ्याने १८७४ मध्ये काटेरी तारेचे पेटंट घेतले. दोनच वर्षांत त्यातला निम्मा हक्क एका मोठ्या तार-कारखान्याने विकत घेतला. तो कारखाना होता वॉशबर्न अँड मोएन, आणि त्याचे गाव होते वूस्टर. म्हणजे ज्या गावच्या मागांवर स्मिथ यांच्या शिकारीचा पैसा उभा राहिला, त्याच गावच्या कारखान्यातून त्या शिकारीच्या पायात अडकणारी तार मैलोगणती बाहेर पडत होती. पुढे अमेरिकेतल्या शिकारमंडळांनी तोड काढली. तारेच्या कुंपणावर ठरावीक अंतराने लाकडी फळ्यांचे, घराच्या छपरासारखे उतरते खोके बसवायचे, म्हणजे घोड्याला उडीची जागा स्पष्ट दिसते आणि गुरेही आत राहतात. खुराड्यासारखे दिसते म्हणून त्याला ‘कूप’ म्हणतात. प्रत्येक कूप म्हणजे त्या शेताच्या मालकाने दिलेली परवानगी.

दोन वळणांचे हाउंड

इंग्लंडात अठराव्या शतकात जंगले तुटली, हरणे कमी झाली आणि कोल्हा शिकारीत वर आला. लेस्टरशायरमध्ये ह्यूगो मेनेल यांनी वेगवान हाउंडांची निपज करून ही शिकार भरधाव धावण्याचा खेळ बनवली. एकोणिसाव्या शतकाअखेर इंग्रज हाउंड म्हणजे जाड हाडांचे, एकसारख्या रंगरूपाचे, शिंगाच्या एका फुंकेवर फिरणारे शिस्तीचे जनावर झाले होते.

अमेरिकेत हाउंड आले १६५० मध्ये. रॉबर्ट ब्रूक हा वसाहतकार ते मेरीलँडला घेऊन आला. जॉर्ज वॉशिंग्टन यांचाही स्वतःचा कळप होता आणि १७८५ मध्ये फ्रेंच सेनानी लाफाएत यांनी त्यांना फ्रेंच हाउंड भेट पाठवले. व्हर्जिनिया, मेरीलँड, केंटकी या भागांत शेतकऱ्यांनी आपापल्या गरजेप्रमाणे या कुत्र्यांची पैदास केली. तिथली जमीन कोरडी, रान मोठे आणि हंट्समन नेहमी जवळ असेलच असे नाही. म्हणून तिथले कुत्रे हलक्या अंगाचे झाले. जुना, विरलेला वासही ते धरत, आवाज लांबवर पोहोचवत आणि माणसाची वाट न पाहता स्वतःच्या अकलेने काम करत. दिसायला मात्र ते नाना तऱ्हेचे होते. न्यूयॉर्क-बोस्टनकडची श्रीमंत शिकारमंडळे विलायती हाउंड आणवत आणि गावठी कुत्र्यांकडे नाक मुरडत.

स्मिथ यांनी या गावठी कुत्र्यांची बाजू घेतली. त्यांचा मुद्दा यंत्रकाराचा होता. इंग्लंडच्या ओल्या गवतासाठी घडवलेले जनावर व्हर्जिनियाच्या कोरड्या रानात तितकेच चालेल असे गृहीत कसे धरायचे? माग एका सुतासाठी बसवला तर दुसऱ्या सुताला तो जुळवून घ्यावाच लागतो.

१९०५ ची पैज

विरुद्ध बाजूला होते अलेक्झांडर हेन्री हिगिन्सन. बोस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन करणारे बँकर हेन्री ली हिगिन्सन यांचे ते चिरंजीव. त्यांच्या मिडलसेक्स कळपात निवडक इंग्रज हाउंड होते. घोडेस्वारीच्या एका नियतकालिकात दोघांचा पत्रसंवाद रंगला, वाढत वाढत आव्हानापर्यंत गेला, आणि प्रत्येकी एक हजार डॉलरची पैज लागली. मैदान ठरले व्हर्जिनियातले पीडमाँट खोरे, मिडलबर्ग आणि अपरव्हिल या गावांच्या आसपासचे.

नोव्हेंबर १९०५ मध्ये दोन आठवडे ही चढाओढ चालली. एक दिवस ग्राफ्टन, एक दिवस मिडलसेक्स, अशी पाळी होती. जो कळप कोल्हा मारील तो जिंकला. कुणालाच ते साधले नाही तर त्या दिशेने सरस काम करील तो जिंकला. तीन पंच रोज घोड्यावरून कळपांच्या मागे राहत. वासाचे दिवस बरे-वाईट निघाले, काही दिवशी धाव रंगली, काही दिवशी रान रिकामेच गेले. एकाही कळपाला कोल्हा मारता आला नाही. शेवटी पंचांनी कौल दिला ग्राफ्टनच्या, म्हणजे स्मिथ यांच्या अमेरिकन हाउंडांच्या बाजूने.

या निकालाने वाद मिटला नाही. इंग्रज हाउंडांचे चाहते इंग्रज हाउंडच ठेवत राहिले. पण अमेरिकन हाउंडाला प्रतिष्ठा मिळाली, आणि दोन्ही रक्तांचा संकर करून मधले जनावर घडवण्याचा मार्गही पुढे रुळला. मिडलबर्गच्या परिसराचे नाव तर देशभर झाले. शिकारीसाठी याहून चांगला मुलूख नाही अशी ख्याती पसरली आणि उत्तरेकडच्या धनिकांनी तिथे शेते घ्यायला सुरुवात केली.

हद्दीचा तंटा

त्या ख्यातीबरोबर भांडणही आले. पीडमाँट मंडळ तिथले जुने. कर्नल रिचर्ड डुलेनी यांनी ते १८४० मध्ये सुरू केले होते, आणि काही काळ स्मिथ त्याचे मास्टर होते. तेवढ्यात ऑरेंज काउंटी हे न्यूयॉर्कचे मंडळ आपला कळप घेऊन जवळच्या ‘द प्लेन्स’ गावी आले. त्यात रेल्वेमालक एडवर्ड हॅरिमन यांच्यासारखी माणसे होती. कोणत्या ओढ्यापलीकडे कुणी शिकार करायची यावर तंटा पेटला. दोन्ही बाजूंना पैशाची ददात नव्हती, पण जमीन दोघांचीही नव्हती. ती शेतकऱ्यांची होती, आणि दोन मंडळे आलटून पालटून त्यांच्या पिकातून जाऊ लागली तर तो शेतकरी दोघांनाही फाटक बंद करील हे उघड होते.

इंग्लंडात अशा हद्दींवर मास्टरांच्या संघटनेची देखरेख असे. अमेरिकेत मास्टरांची अशी संघटना नव्हती. स्मिथ यांनी त्यासाठी रेटा लावला आणि १९०७ मध्ये ‘मास्टर्स ऑफ फॉक्सहाउंड्स असोसिएशन ऑफ अमेरिका’ स्थापन झाली. मंडळांची नोंदणी, त्यांच्या हद्दी आणि हाउंडांच्या वंशावळी हे तिचे काम. पैजेतले प्रतिस्पर्धी हिगिन्सन पुढे बराच काळ तिचे अध्यक्ष होते. स्मिथ यांच्या आवेशी स्वभावामुळे माणसे दुखावत, तरी आवश्यक ती गोष्ट घडून येई.

हवेलीपलीकडचा छंद

१९१२ मध्ये स्मिथ आपले अमेरिकन हाउंड आणि घोडे जहाजात घालून आयर्लंडला गेले आणि एक हंगाम वेस्टमीथ मंडळाचे मास्टर झाले. गावठी ठरवलेला कुत्रा त्यांनी थेट जाणकारांच्या अंगणात नेऊन पळवला. हिगिन्सन यांची वाट उलटी गेली. ते पुढे इंग्लंडातच स्थायिक झाले आणि डॉर्सेटकडे मास्टर झाले. स्मिथ यांनी आपल्या भटकंतीवर १९२५ मध्ये प्रवासग्रंथ प्रसिद्ध केला. १९३५ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या एकन या घोडेवाल्यांच्या गावावरही पुस्तक लिहिले.

घोड्याचे वेड घरात उतरले. स्मिथ यांचा नातू क्रॉम्प्टन ऊर्फ टॉमी स्मिथ याने १९६५ मध्ये ‘जे ट्रंप’ या घोड्यावर इंग्लंडातली ग्रँड नॅशनल ही जगातली सर्वांत अवघड समजली जाणारी उड्यांची शर्यत जिंकली. नातवाच्या नावातले ‘क्रॉम्प्टन’ हे त्याच मागवाल्या घराण्याचे.

विरोध, कायदा आणि हिंदुस्थानातला कोल्हा

एक जनावर दमेपर्यंत पळवायचे आणि कुत्र्यांनी ते फाडायचे, याला मनोरंजन म्हणावे का, हा प्रश्न जुना आहे. कोंबड्या-कोकरांचा शत्रू म्हणून कोल्हा मारावाच लागतो, हे समर्थनही तितकेच जुने. इंग्लंडात शिकारीच्या आदल्या रात्री कोल्हा बाहेर असताना त्याची बिळे बुजवून ठेवत, म्हणजे पाठलागात त्याला आसरा मिळू नये. अमेरिकेत ही प्रथा रुजली नाही. तिथे धाव हाच हेतू मानला जातो आणि कोल्हा बिळात शिरला की कुत्र्यांना शाबासकी देऊन परत बोलावतात. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या बर्न्स समितीने २००० मध्ये कोल्ह्याच्या हालांची गंभीर नोंद घेतली. स्कॉटलंडने २००२ मध्ये बंदी आणली. इंग्लंड-वेल्समध्ये २००४ चा कायदा १८ फेब्रुवारी २००५ पासून लागू झाला. त्यानंतर तिथली मंडळे कृत्रिम वास जमिनीवर ओढून त्यामागे कुत्री सोडतात, आणि त्या आडून खरी शिकार चालते असा आरोप विरोधक करत आले आहेत.

इंग्रजांनी हा छंद हिंदुस्थानातही आणला. मुंबईजवळ आणि पुणे-खडकीकडे लष्करी व मुलकी अंमलदारांनी विलायती हाउंडांचे कळप ठेवले होते, तर निलगिरीत ऊटीच्या गवताळ माळावर ही परंपरा सर्वांत जास्त टिकली. इथे त्यांनी पाठ धरली ती आपल्या खऱ्या कोल्ह्याची. खोकड चटचट वळते आणि जवळच्या बिळात नाहीसे होते, कोल्हा मात्र सरळ आणि दूरवर पळतो. ऊन चढले की वास उडतो, म्हणून पहाटेच निघावे लागे. विलायती कुत्र्यांना हवा मानवत नसे, म्हणून नवी आणावी लागत. वन्यजीव संरक्षणाचे कायदे कडक होत गेले तशी भारतात या शिकारीला जागा उरली नाही.

मोकळे रान कोणाच्या भरवशावर

व्हर्जिनियात स्मिथ यांच्यानंतरही धंद्यातला पैसा येत राहिला. अँड्र्यू मेलन या बँकसम्राटाचे चिरंजीव पॉल मेलन यांनी अपरव्हिलला शेत केले. शिकारीचे वेड त्यांना इंग्रजी चित्रकलेकडे घेऊन गेले. १९३६ मध्ये त्यांनी जॉर्ज स्टब्स याचे घोड्याचे चित्र घेतले आणि त्या नादातून पुढे येल विद्यापीठाचे ब्रिटिश कलेचे संग्रहालय उभे राहिले. गुंतवणूकदार जॉर्ज ओरस्ट्रॉम यांच्या पुढाकाराने १९५४ मध्ये मिडलबर्गला घोडे-शिकार विषयाचे ग्रंथालय निघाले.

या मंडळींच्या छंदाला मोठाले, सलग, न बांधलेले रान लागते. वॉशिंग्टन शहर जसे पसरत आले तशी ही गरज राजकारणात उतरली. १९७२ मध्ये पीडमाँट एन्व्हायरन्मेंटल कौन्सिल ही संस्था निघाली. रान राखायचा एक मार्ग असा, की जमीन मालकाच्याच नावे राहते, पण तिचे तुकडे पाडून घरे बांधायचा हक्क तो करार करून कायमचा सोडतो आणि बदल्यात करसवलत घेतो. हा मार्ग तिथे मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. नोव्हेंबर १९९३ मध्ये डिस्ने कंपनीने जवळच्या हेमार्केटला इतिहासविषयक करमणूक-नगरी उभारण्याचा बेत जाहीर केला. इतिहासकार, पर्यावरणवादी आणि घोडेवाले जमीनदार एकत्र आले. नोकऱ्यांची आशा लावून बसलेल्या स्थानिकांना हा विरोध श्रीमंतांचे चोचले वाटला, आणि ते म्हणणे अगदीच निराधार नव्हते. सप्टेंबर १९९४ मध्ये डिस्नेने तिथला बेत सोडून दिला.

ज्या खोऱ्यात १९०५ ची पैज झाली, तिथे आजही दगडी भिंतींमधली कुरणे आहेत आणि हंगामात पीडमाँट मंडळाचे हाउंड धावतात. त्यांची वाट अजूनही अनेक मालकांच्या जमिनींतून जाते. हंगाम सुरू होण्याआधी मास्टरला आजही त्यांच्या दारी जावे लागते.